तेल्चच्या चौकात शिरण्याआधी तळ्याच्या बांधावर उभं राहा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मे महिन्यात प्रागहून व्हिएन्नाला जाताना एक दिवस मोकळा आहे. वाटेवरच्या तेल्च या छोट्या गावाच्या चौकाचे फोटो तुम्ही पाहिलेत. रंगीत घरांच्या पलीकडे तिथे काही आहे का, आणि जेमतेम पाच हजार वस्तीच्या गावाला एवढा देखणा चौक कुठून मिळाला, हे तुम्हाला हवंय. शिवाय 74 वर्षांच्या आई बरोबर आहेत, त्यांना झेपेल का?

गेली बावीस वर्षं मी मध्य युरोपात मराठी माणसांना घेऊन फिरते. तेल्चला किती वेळा गेले याचा हिशोब ठेवलेला नाही, पण प्रागनंतर माझा सर्वांत जास्त जीव जिथे रमतो ते हेच गाव. तेव्हा उत्तर लांबणार आहे.

आधी एक विनंती. गाडी चौकात सोडून देत असेल तरी लगेच चौकात जाऊ नका. बाहेरच्या बाजूने तळ्याकाठी या आणि बांधावरून गावाकडे पाहा. पाण्यात घरांची पाठ दिसते, वाड्याची भिंत दिसते, चर्चचे मनोरे दिसतात, आणि सगळं गाव दोन पाण्यांमधल्या एका चिंचोळ्या पट्टीवर दाटीवाटीने बसलेलं आहे हे एका नजरेत कळतं. चौकाचा आकार लांबट का, एका टोकाला निमुळता का, घरं इतकी अरुंद का, या सगळ्याचं उत्तर त्या पाण्यात आहे. मी गटाला नेहमी आधी इथेच आणते. फोटोची घाई असलेली मंडळी कुरकुरतात, पण दहा मिनिटांनी तीच विचारू लागतात की ही तळी नैसर्गिक आहेत का.

नाहीत. उलित्स्की, श्त्येप्नित्स्की आणि स्तारोम्येस्तस्की ही तिन्ही तळी माणसांनी बांध घालून केलेली आहेत. तेल्च चेक देशाच्या मोराविया या पूर्वेकडच्या भागात आहे, बोहेमिया या पश्चिमेकडच्या भागाच्या सीमेला लागून, समुद्रसपाटीपासून साधारण पाचशे मीटर उंचीवर. हा सगळा चेक-मोरावियन उंचवट्याचा प्रदेश. आजच्या नकाशात याला विसोचिना प्रांत म्हणतात, म्हणजे शब्दशः उंचावरचा मुलूख. गावाच्या पश्चिमेला यावोर्झित्से नावाचा 837 मीटरचा डोंगर आहे, आणि युरोपची मोठी जलविभाजक रेषा तिथून जाते. त्याच्या एका उतारावर पडलेला पाऊस व्ल्तावा आणि एल्ब नद्यांतून उत्तर समुद्राला मिळतो. दुसऱ्या उतारावरचा पाऊस तेल्चच्या ओढ्यातून द्ये नदीत, तिथून मोरावा, मग डॅन्यूब, आणि शेवटी काळ्या समुद्रात. तळ्यातलं पाणी काळ्या समुद्राकडे निघालंय हे सांगितलं की मुलं हटकून पाण्यात पान सोडतात.

इथली माती हलकी, हवा थंड. गव्हापेक्षा राय नावाचं धान्य आणि पुढे बटाटा हीच इथली पिकं. पण ओढे भरपूर, उतार मंद, खालचा खडक पाणी धरणारा. अशा जमिनीत धान्यापेक्षा मासा जास्त पैसा देतो हे इथल्या सरदारांनी ओळखलं होतं. बोहेमिया-मोरावियात पंधराव्या-सोळाव्या शतकात तळी बांधण्याची लाटच आली. कॅथलिक उपवासाचे दिवस वर्षभरात पुष्कळ, त्या दिवशी मांस वर्ज्य, मासा चालतो, त्यामुळे कार्प माशाला हमखास गिऱ्हाईक. तेल्चच्या तळ्यांनी दोन कामं केली. गावाला पाण्याचा वेढा दिला, म्हणजे तट निम्मा फुकटात झाला. आणि मालकाची तिजोरी भरली.

या भागात ऑक्टोबरमध्ये आलात तर तळं रिकामं करताना पाहायला मिळू शकतं. मी एकदा पहाटे पाहिलं. पाणी कित्येक दिवस मोरीतून हळूहळू सोडत आणतात, शेवटी बांधापाशी एका खोलगट भागात सगळा मासा गोळा होतो. रबरी पँट घातलेली माणसं कमरेएवढ्या गार पाण्यात एका रांगेत जाळं ओढत येतात, आणि शेवटच्या काही हातांवर पाणी अक्षरशः उकळल्यासारखं होतं. चिखलाचा वास, माशांच्या शेपट्यांचे फटके, काठावर हातात गरम दारूचा पेला घेऊन उभे असलेले म्हातारे. हा कार्प नाताळच्या आदल्या संध्याकाळी चेक घराघरांत तळून खातात. सणाचं ताट अजून तळ्याशी बांधलेलं आहे, म्हणून हा भूगोल कोरडा वाटत नाही.

आता गावाच्या जन्माकडे. 1099 साली इथे झालेल्या एका लढाईनंतर वस्ती उभी राहिली अशी दंतकथा सांगतात, ती दंतकथा म्हणूनच ऐकावी. जुनी वस्ती तळ्यापलीकडे आहे, तिला आजही ‘जुनं गाव’ असंच नाव आहे. लेखी इतिहासात ठाम पाय रोवला तो 1339 साली. लक्झेम्बर्ग घराण्याचा बोहेमियाचा राजा यान याने त्या वर्षी तेल्च ह्रादेत्सच्या ओल्द्र्झिख सरदाराला दिलं आणि बदल्यात हंगेरीच्या सीमेवरचा बानोव किल्ला घेतला. राजाला सीमेचा किल्ला हवा होता, सरदाराला आपल्या मुलखाला लागून असलेलं गाव. हा सौदा त्या वेळी किरकोळ वाटला असेल, पण तेल्चचं पुढचं सगळं नशीब त्यात ठरलं. ह्रादेत्सच्या घराण्याचं चिन्ह निळ्या ढालीवर सोनेरी पाच पाकळ्यांचा गुलाब. गावात आणि वाड्यात फिरताना तो शोधत राहा. दक्षिण बोहेमियातला लाल गुलाब वेगळा, तो रोझेंबर्गांचा. दोन्ही घराणी एकाच मुळाची, फक्त रंग वाटून घेतलेले.

सरदारांनी दोन पाण्यांमधल्या पट्टीवर नवं गाव वसवलं आणि त्याला बाजाराचे हक्क मिळाले. इथे जरा थांबते, कारण बाजाराचा हक्क म्हणजे काय हे कळल्याशिवाय चौक कळत नाही.

मध्ययुगात कुणीही उठून बाजार भरवू शकत नसे. आठवडी बाजार, वर्षाची जत्रा, बिअर गाळणं, मीठ विकणं, तट बांधणं, हे प्रत्येक काम सनदेवर चालायचं. पूर्ण शहर आणि साधं खेडं यांच्यामधली जी पायरी, तिला चेक भाषेत ‘म्येस्तिस’ म्हणतात. आपला ‘कसबा’ हा शब्द तिच्या बराच जवळ जातो. कम्युनिस्ट राजवटीत 1954 साली ही पायरी कागदोपत्री रद्द झाली, 2006 मध्ये कायदा बदलून परत आली, आणि आज दोनशेहून जास्त गावं अभिमानाने आपल्या पाटीवर तो शब्द लावतात. तेल्च आज कायद्याने शहर आहे, पण त्याचा सांगाडा बाजाराच्या गावाचाच आहे. मध्ये बाजाराची जागा, भोवती हक्कदारांची घरं, एका टोकाला मालकाचा वाडा.

यातला बिअरचा हक्क फार रंजक आहे. तो माणसाला नसे, घराला असे. तटाच्या आतलं अमुक घर घेतलं की त्याबरोबर बिअर गाळायचा वाटाही आला, घर विकलं की वाटाही गेला. म्हणून बाजारावर तोंड असलेल्या हातभर जागेलाही मोल. जमिनीचे पट्टे अरुंद आणि खोल पाडले ते यासाठी, की जास्तीत जास्त घरांना बाजाराचं तोंड मिळावं. पुढे दुकान आणि घर, मागे अंगण, कोठार, आणि अगदी मागे पाणी. चौकातल्या एखाद्या दुकानात शिरलात तर पहिली खोली पाहा, कमानदार छताची, खोल, थोडी अंधारी. तिला ‘माझहाउस’ म्हणतात. माल उतरवायचा, गिऱ्हाईक बसवायचं, बिअर विकायची ती हीच जागा. तिच्याखाली तळघरं. पिंपं तिथे गार राहायची.

आणि घरांपुढच्या कमानी. चेक शब्द ‘पोदलोउबी’, पण तुम्ही ओवऱ्या म्हणा, चित्र बरोबर उभं राहील. वर खासगी खोली, खाली सगळ्यांची वाट. पाऊस, बर्फ, ऊन काहीही असो, बाजार चालू राहिला पाहिजे म्हणून घरमालकाने आपल्या घराचा तळ रस्त्याला दिला. चौकाच्या दोन्ही लांब बाजूंनी या ओवऱ्या सलग जातात. माझ्या मते तेल्चचं खरं सौंदर्य या ओवऱ्यांत आहे, वरच्या रंगात नाही. रंग दर काही वर्षांनी नव्याने लागतो, कमानी शतकं तशाच आहेत.

त्या आल्या आगीतून. सुरुवातीची घरं लाकडाची होती. चौदाव्या शतकाच्या अखेरीस गाव जळलं आणि परत उभारताना दगड वापरला. पुढे हुसाइट युद्धांत, म्हणजे धर्मसुधारक यान हुसच्या अनुयायांच्या लढायांतही, गावाने मार खाल्ला. 1530 मध्ये पुन्हा मोठी आग. आणि मग वीस वर्षांनी या गावाच्या गोष्टीत तो माणूस येतो, ज्याचं नाव आज चौकाला आहे: झखारियाश, ह्रादेत्सच्या घराण्यातला धाकटा. थोरल्याकडे मूळ गादी राहिली, याच्या वाट्याला तेल्च आलं. 1551 मध्ये पवित्र रोमन सम्राटाच्या पुतण्याला, म्हणजे पुढच्या सम्राट माक्सिमिलियानला, स्पेनहून येताना घ्यायला चेक सरदारांचा ताफा इटलीत जेनोआला गेला. त्यात झखारियाश होता. पंचविशीच्या आसपासचा तरुण, थंड डोंगराळ मुलखातून आलेला, आणि समोर जेनोआचे संगमरवरी वाडे. परत आला तो डोक्यात इटली घेऊन.

जुना गॉथिक किल्ला त्याने राहण्याच्या वाड्यात बदलायला काढला. 1553 मध्ये व्हाल्डश्टाइन घराण्यातल्या कातेर्झिनाशी लग्न झालं, पैसा आणि हौस दोन्ही वाढलं. इटालियन गवंडी आणि कारागीर आले. सोनेरी दालनाचं खणांचं लाकडी छत, निळं दालन, आतल्या बागेभोवतीची कमानींची पडवी, हे सगळं त्या काही दशकांतलं. वाड्यात गेलात तर सर्व संतांच्या छोट्या प्रार्थनागृहात जरूर थांबा. लोखंडी नक्षीच्या जाळीमागे झखारियाश आणि कातेर्झिना शेजारी शेजारी दगडात निजलेले आहेत. सोनेरी दालनात सगळे माना वर करून उभे राहतात, पण मला या जाळीपाशी जास्त वेळ लागतो.

तुम्ही बरीच वर्णनं वाचली असतील की झखारियाशने हुकूम काढला आणि सगळ्या चौकाला एकसारखा चेहरा आला. मला हे इतकं सरळ वाटत नाही, आणि चौकात नीट पाहिलंत तर तुम्हालाही वाटणार नाही. वरचे त्रिकोणी माथे एकापुढे एक बघत चला. कुठे सोळाव्या शतकाचे पायऱ्यापायऱ्यांचे आणि अर्धगोलांचे, कुठे नंतरचे, सतराव्या-अठराव्या शतकातल्या बरोक शैलीच्या वळणांचे. दोन माथे सारखे सापडत नाहीत. एकसारखेपणा दिसतो तो खालून येतो: सारखे अरुंद पट्टे, सलग ओवऱ्या, जवळपास सारखी उंची. म्हणजे आखणी बाजाराने केली. झखारियाशने कारागीर आणले, स्वतःच्या वाड्याने चव लावली, आणि बिअर, कापड, पावातून पैसा कमावलेल्या गावकऱ्यांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे घराला तसाच चेहरा चढवला. चेहराच म्हणायचं, कारण तो उंच माथा बऱ्याचदा मागच्या उतरत्या छपरापुढे उभी केलेली भिंत असते. बाजूच्या गल्लीतून मागे जाऊन पाहिलं की कळतं.

61 क्रमांकाच्या घरापाशी मात्र जवळ जा. चौकातलं सर्वांत सजलेलं घर हे. त्याच्यावरची नक्षी रंगवलेली नाही, खरवडलेली आहे. या कामाला स्ग्राफितो म्हणतात. आधी काळपट गिलावा, तो ओला असतानाच त्यावर चुन्याचा पांढरा पातळ थर, आणि तो वाळायच्या आत लोखंडी टोकाने पांढरं खरवडायचं, म्हणजे खालचं काळं वर येतं. चूक झाली तर पुसता येत नाही, पुन्हा गिलावा घालावा लागतो. सकाळी तिरपं ऊन पडतं तेव्हा रेषांच्या कडा उचललेल्या दिसतात आणि कुठे हात घसरला तेही दिसतं. तिथे मला वाटतं की साडेचारशे वर्षांपूर्वीच्या त्या कारागिराला घाई झाली होती, गिलावा वाळत चालला होता. भिंतीला हात मात्र लावू नका. स्पर्शाने कडा झिजतात.

झखारियाश मोरावियाचा सर्वोच्च अधिकारीही झाला, आणि 1589 मध्ये वारला. मालमत्ता पुतण्याकडे गेली, आणि 1604 मध्ये घराण्याचा पुरुषवंशच संपला. शेवटच्या वारसाची बहीण लुत्सिए ओतिलिए, तिचा नवरा विलेम स्लावाता. हे नाव लक्षात ठेवा, कारण प्रागच्या किल्ल्यात तुम्हाला एक खिडकी दाखवतील. 23 मे 1618 रोजी चिडलेल्या प्रोटेस्टंट सरदारांनी सम्राटाच्या दोन कॅथलिक कारभाऱ्यांना आणि त्यांच्या लेखनिकाला त्या खिडकीतून खाली फेकलं. तिघेही वाचले, पण त्यातून तीस वर्षांचं युद्ध पेटलं. त्या दोघांतला एक म्हणजे हा तेल्चचा मालक स्लावाता. युद्धात स्वीडिश फौजा तेल्चमध्येही शिरल्या. प्रागमध्ये खिडकी पाहा, तेल्चमध्ये त्याचा वाडा पाहा, दोन्ही जागा एकमेकींना अर्थ देतात.

यानंतरची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि तीच बहुतेक वेळा सांगायची राहून जाते. स्लावातांचं मुख्य ठाणं तेल्च नव्हतं. वाड्यात मालक क्वचित राहायचे, त्यामुळे तो बरोक काळात पाडून नवा करावा असं कुणाला वाटलं नाही. सतराव्या शतकात जेझुइट, म्हणजे शाळा चालवणाऱ्या एका कॅथलिक संघाचे धर्मगुरू, आले, त्यांनी चौकाच्या वाड्याकडच्या टोकाला आपलं विद्यालय आणि चर्च बांधलं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला चौकात मेरीचा स्तंभ उभा राहिला. एवढ्यावर मोठी बांधकामं थांबली. मोठा कारखाना आला नाही. रेल्वे आली ती 1898 मध्ये, तीही यिह्लावाकडच्या मुख्य मार्गावरून फुटलेली एक फांदी. एकोणिसाव्या शतकात ज्या गावांची भरभराट झाली, त्यांनी आपले तट, वेशी, ओवऱ्या पाडून रुंद रस्ते केले. तेल्चकडे पाडायलाही पैसा नव्हता. माणसं चरितार्थासाठी बाहेर गेली, घरं तशीच राहिली. त्या लोकांना त्यात सुख नव्हतं, हे चौकाचं कौतुक करताना विसरू नये असं मला मनापासून वाटतं.

1945 मध्ये वाडा शेवटच्या सरदार घराण्याकडून सरकारकडे गेला. 1992 मध्ये प्राग आणि चेस्की क्रुमलोव्हबरोबर तेल्च युनेस्कोच्या यादीत आलं. त्या देशातून यादीत गेलेली ही पहिली तीन नावं. दोन जगप्रसिद्ध शहरांच्या पंगतीत पाच हजारांचं गाव बसलं.

याच घडणीचा दुसरा नमुना पाहायचा असेल तर दक्षिणेला ऑस्ट्रियाच्या सीमेलगत स्लावोनित्से आहे. प्राग-व्हिएन्ना टपालमार्ग अठराव्या शतकात दुसरीकडे वळला आणि ते गाव मागे पडलं. पुढे शीतयुद्धात पूर्व आणि पश्चिम युरोप तोडणाऱ्या ‘लोखंडी पडद्या’च्या काळात सीमेवर अडकून पडलं. स्ग्राफितोची घरं तिथेही उत्तम आहेत, गर्दी आणखी कमी. पण तुमच्याकडे एकच दिवस आहे, तेव्हा दोन्ही करू नका.

आता दिवस कसा घालवायचा ते सांगते. प्रागहून गाडीने दोन-अडीच तास. सोमवार टाळा, चेक देशातले बहुतेक वाडे-किल्ले सोमवारी बंद असतात. मी सुरुवातीच्या वर्षांत एका सहल कंपनीच्या आखलेल्या कार्यक्रमानुसार नेमका सोमवारी गट घेऊन गेले होते. चाळीस मिनिटांचा थांबा, बंद दरवाजा, आणि लोक आइस्क्रीम खाऊन परत गाडीत. त्यातल्या एका आजोबांनी गाडीत विचारलं, “इथे राजा कोण होता हो?” मला उत्तर येत होतं, वेळ नव्हता. तेव्हापासून कार्यक्रम मी स्वतः आखते.

दहाच्या आत पोचा. आधी बांध, मग वाड्याजवळच्या छोट्या वेशीतून आत. वाड्याची फेरी मार्गदर्शकाबरोबर असते, सोनेरी दालन असलेली फेरी मागा, इंग्रजी माहितीचा कागद मिळतो. मग चौक, आधी ओवऱ्यांखालून एक बाजू, मग उघड्यावरून दुसरी. शक्य असेल तर रात्री राहाच. संध्याकाळी पाचनंतर गटांच्या गाड्या निघून जातात, सायकलवरची पोरं घरी परततात, आणि चौक परत गावाचा होतो.

आईंचं म्हणाल तर त्यांना तेल्च प्रागपेक्षा सोपं जाईल. चौक जवळपास सपाट आहे, चढ नाही, एका टोकापासून दुसऱ्या टोकाला रमतगमत गेलं तरी दहा मिनिटं. रस्ता दगडी फरशीचा आणि थोडा खडबडीत, तेव्हा चपला नकोत, तळ जाड असलेले बूट घाला. वाड्यात जिने आहेत, गुडघे दुखत असतील तर तेवढं सोडता येईल. चर्चच्या मनोऱ्यावर तुम्ही जा, त्यांना नेऊ नका. तोवर त्यांना ओवरीतल्या एखाद्या कॉफीच्या टेबलाशी बसवा. पाऊस आला तरी त्या भिजणार नाहीत, आणि समोरून सगळा चौक दिसत राहील.